सहा पुरुस विहीर आणि सव्वापाच फुटांचा मी

पंचवीस वर्षं मी शाळेत गणित शिकवतो आहे, आणि माझ्याच घराच्या टाकीत पाणी चढलं नाही.

वडील गेल्यानंतरची ती पहिली अक्षय तृतीया. मळ्यातली विहीर त्यांनी स्वतः खणलेली. पितरांची घागर त्याच पाण्याने आणि आपल्याच हाताने भरायची, असं मायने ठरवलं होतं. पण गुडघ्यांमुळे तिला मळ्यापर्यंत जाववत नव्हतं. मी म्हणालो, "माय, इहिरीचं पानी मी तुया दारात आनतो." (इथेच मला कोणीतरी थांबवायला हवं होतं.)

पंप पाणी किती उंच चढवतो, त्याला दुकानदार हेड म्हणतात. विहिरीच्या तळापासून छतावरच्या टाकीपर्यंत मोजायचं, तेवढ्या हेडचा पंप घ्यायचा. विहिरीत दोरी सोडायची मला गरजच वाटली नाही. सहा पुरुस, असं वडील नेहमी सांगायचे. म्हणजे एकावर एक सहा माणसं. मी भिंतीला पाठ लावून स्वतःला मोजलं, सव्वापाच फूट भरलो. सहाने गुणलं, टाकीचे सोळा फूट मिळवले आणि पाइपातल्या घर्षणासाठी सढळ हाताने अर्धा फूट वाढवला!

वाशीमचा दुकानदार म्हणाला, "सर, थोडा जास्तीचा घेऊन जा."

"मी गणिताचा मास्तर हाय," मी म्हणालो. "अंदाजानं घेत नसतो."

सणाच्या सकाळी नवी घागर घेऊन माय टाकीच्या नळापाशी उभी राहिली. आमच्या दारातून वाकून आत येणारे रहीमभाई मिस्त्री यांनी बटण दाबलं. मोटार घुमली. नळाने एकदा फुस्स केलं आणि तो गप्प झाला.

रहीमभाईंनी वायरी तपासल्या, व्हॉल्व्ह खोलला, परत लावला. मी गणित तीनदा तपासलं. तिन्ही वेळा बरोबर आलं.

"गुरुजी, मोटार तं बरोबर चालून राह्यली," रहीमभाई म्हणाले.

माय घागर ठेवून भिंतीवरच्या पाइपापाशी गेली. खालून वर हात फिरवत आपल्या कपाळाइतक्या उंचीवर थांबली.

"हे पाह्य. इथवर थंड लागते, वरतं गरम. पानी इथवरच आलं." मग तिने विचारलं, "पुरुस कोनाचा धरला तू?"

"माया."

मायने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. त्याला फार वेळ लागला नाही.

"पुरुस हात वर करून मोजतात, बापू," ती म्हणाली. "अन् ते बी तुया बाबाचे हात."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मग ती रहीमभाईंना म्हणाली, "भाई, इथंच कमरेपाशी तोटी बसवा." त्यांनी पाइप कापला, तोटी लावली. दोऱ्याएवढी धार आली, पण तुटली नाही. मायने उभ्या उभ्या, आपल्या हाताने घागर भरली. फार वेळ लागला. वडिलांची मला इतकी आठवण आली की मी आत जाऊन उगाच कपाट आवरलं.

टाकी अजून कोरडीच आहे. मध्यंतरी मी धीर करून मायला विचारलं, "मोठा पंप आनू का?"

"आन," ती म्हणाली. "पन या बारीनं मोजाले रहीमभाईले उभं कर."