पुस्तकावरून झालेलं भांडण

वैशाली मूळची गडब गावची. लग्न होऊन पेणला आली, नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी तिला हाकललं नाही, पण राहा असंही कुणी म्हटलं नाही. तेव्हा ती गणपतीच्या कारखान्यात कामाला लागली आणि अजून तिथेच आहे. आधी मूर्तींना पॉलिश पेपर मारायची, मग रंगाला बसली. आता पन्नाशी उलटली आहे. कारखान्याच्या मागच्या आळीत तिची एक भाड्याची खोली आहे. खोलीत कॉट, गॅस, टीव्ही आणि वाचनालयातून आणलेलं एखादं पुस्तक.

वाचायची सवय तिला टीव्हीमुळेच लागली. एका पावसाळ्यात टीव्ही बंद पडला आणि दुरुस्तीवाला आज येतो, उद्या येतो करत राहिला. संध्याकाळ जाता जाईना. म्हणून ती वाचनालयात गेली आणि हाताला लागलं ते पुस्तक घेऊन आली. टीव्ही पुढे दुरुस्त झाला, पण पुस्तक सुटलं नाही. मात्र पाहिलेलं असो की वाचलेलं, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. जेवल्यावर पाणी प्यावं तसं ते होतं.

सांगायला पुतळीबाय होती. ती कारखान्यात तिच्या शेजारी बसायची. वयाने दहा-बारा वर्षांनी मोठी, खाडीकडच्या गावातली. लहानपण मिठागरावर गेलेलं. वाचायला तिला येत नव्हतं, पण ऐकायला ती पक्की होती. एखाद्या कादंबरीतला नवरा खोटं बोलला की हातातला ब्रश खाली ठेवून म्हणायची, "त्याच्या थोबाडात मारायला पायजे व्हती." आणि मालिका तर दोघीही बघायच्या, आपापल्या घरी. सकाळी कारखान्यात आल्या की आदल्या दिवशीच्या भागावरून सुरू व्हायच्या.

त्यांची आवडती मालिका दोन जावांची होती. थोरली सरोजिनी, सगळं घर तिच्या हातात. धाकटी ऋजुता, शिकलेली, नोकरी शोधणारी. एका भागात ऋजुतासाठी मुलाखतीचा फोन येतो आणि सरोजिनी तो निरोप देतच नाही. दुसऱ्या दिवशी वैशाली तणतणतच आली.

"बघितलंस? त्या बयेने निरोप गिळला!"

"गिळला तं गिळला," पुतळीबाय म्हणाली. "एवढी वर्सं जिनं घर वडला, तिला कोन इचारतो? आता ही आली पर्स लटकवून."

"म्हणजे तुला ते बरोबर वाटतं?"

"बरोबर नाय. पन मना तिचा कळतो."

त्या जावांवरून दोघींनी कितीतरी मूर्ती रंगवून संपवल्या. वैशाली धाकटीच्या बाजूने, पुतळीबाय थोरलीच्या. कधी कधी दुपारचा डबाही वेगवेगळ्या कोपऱ्यात बसून खायच्या, इतकं व्हायचं. चहाच्या वेळेला परत एकत्र.

मग पुतळीबायचा मुलगा निकेश धाटावच्या कंपनीत कायम झाला. त्याने तिथून जवळच्या अष्टमी गावात ब्लॉक घेतला. सून भाविकाही एका दवाखान्यात रिसेप्शनला जात होती, आणि त्यांची मुलगी जेमतेम चालायला लागली होती. तिला सांभाळायला घरात कुणीतरी हवं होतं. पुतळीबाय गेली. जाताना कारखान्यातल्या सगळ्यांना पेढे देऊन गेली. वैशालीला म्हणाली, "फोन हाय ना गो. रोज बोलू."

सुरुवातीला खरंच रोज बोलणं व्हायचं. मालिका संपली की लगेच फोन. पुढे पुतळीबाय म्हणाली, "आमच्याकडं त्या टायमाला पोरीचा कार्टून असतो. त्याबिगर ती जेवत नाय." मग वैशालीच तिला भाग सांगू लागली. पलीकडून "हां, हां" यायचं, मागे कुकरच्या शिट्ट्या, कधी पोरीचं रडणं. एकदा वैशालीने मुद्दाम चुकीचं सांगितलं, सरोजिनी घर सोडून गेली म्हणून. पलीकडून तसंच "हां" आलं. त्यानंतर तिने भाग सांगणं बंद केलं. थोड्या दिवसांनी मालिका बघणंही सोडलं. एकटीने कुणाची बाजू घ्यायची?

कारखान्यात आता शेजारी सुरभी बसायची. विशीतली, चुणचुणीत, कामाला वाघ. कानात इअरफोन आणि समोर डब्याला टेकवून ठेवलेला मोबाइल. तिच्या मालिका परदेशी असायच्या, खाली अक्षरं येणाऱ्या. वैशालीने एक दिवस तिला विचारून त्यातली एक आपल्या फोनवर लावून घेतली. अक्षरं भराभर जायची. ती थांबवून थांबवून वाचायची. एका स्वयंपाक्याची आणि त्याच्या हरवलेल्या भावाची गोष्ट होती. दोन-तीन भागांतच तिला त्या स्वयंपाक्याची माया लागली. सकाळी ती उत्साहाने म्हणाली, "गो सुरभी, तो भाऊ जिवंत असणार बघ. मला तर त्या सापडलेल्या टोपीवरून वाटतं."

सुरभीने एका कानातला इअरफोन काढला. "कुठली, काकी? ती होय! ती मी कधीच संपवली. आता दुसरी चाललीय."

"मग भाऊ जिवंत असतो का?"

सुरभीने जरा आठवून बघितलं. "असतो वाटतं. नाय... थांबा, ते दुसऱ्यात होतं बहुतेक." ती हसली आणि इअरफोन परत कानात गेला.

पोरगी वाईट नव्हती. तिला खरंच आठवत नव्हतं.

गणपती झाले की कारखान्याला थोडी विश्रांती असते. त्या दिवसांत वैशालीने वाचनालयातून एक कव्हर फाटलेली कादंबरी आणली. तिच्यातली गंगू भावाच्या घरून धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला म्हणून आठ दिवसांसाठी जाते आणि तिथेच राहते. कुणी तिला जा म्हणत नाही, राहा म्हणत नाही. पोरं मोठी होतात, लग्नं होतात. बहीण मरते, भाचे परगावी जातात. शेवटी गंगू घराला कुलूप लावते, पिशवी घेऊन एसटी स्टँडवर येऊन बसते. समोर गाड्या लागतात आणि जातात. कुठल्या गाडीत बसायचं ते तिला ठरवता येत नाही. तिथेच पुस्तक संपतं.

वैशालीने शेवटचं पान उलटून बघितलं. पुढे नुसती कोरी पानं. तिला इतका राग आला की तिने पुस्तक कॉटवर आपटलं. मग उचलून शेवट परत वाचला. दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन तिने तिथल्या मनालीला विचारलं, "याचा दुसरा भाग आहे का?"

"नाही हो. एकच आहे."

"मग ती गेली कुठे?"

"कोण?"

"गंगू."

"मी नाही वाचलं ते," मनाली म्हणाली आणि पुढच्या माणसाचं कार्ड घेतलं.

गंगू काही डोक्यातून जाईना. भाजी चिरताना, आंघोळीला पाणी काढताना ती स्टँडवर बसलेलीच. शेवटी वैशालीने पुतळीबायला फोन केला, येते म्हणाली, आणि सकाळच्या एसटीने निघाली. गडब मागे गेलं, नागोठणं गेलं, दोन्ही बाजूंना भात पिवळं पडायला लागलं होतं. पिशवीत पुतळीबायसाठी पापड होते. पुस्तकही होतं, उगाचच. ते काही पुतळीबाय वाचणार नव्हती.

अष्टमीतला ब्लॉक स्वच्छ होता, फरशी चकचकीत. भाविकाची त्या दिवशी सुट्टी होती. तिने "या मावशी" म्हणून हसून घेतलं, पोहे केले, चहा दिला. निकेश पहिल्या शिफ्टला गेला होता. टीव्हीवर कार्टून चालू आणि त्याच्यासमोर पोरगी. पुतळीबाय थोडी वाळली होती, पण साडी नवी होती. दोघी गॅलरीत बसल्या. मध्ये भिजवलेले वाल. बिरड्यासाठी सोलायचे होते.

सोलता सोलता वैशालीने गोष्ट सांगितली. पुतळीबायने मध्ये एकदाही "हां" म्हटलं नाही. वैशालीला बरं वाटलं, जुनी पुतळीबाय समोर बसली होती.

"मला तर गंगूचाच राग आला," वैशाली म्हणाली. "एवढी वर्षं राबली. उठून जायचं ना! कुणी बांधून ठेवली होती?"

"कुठं जानार व्हती?"

"भावाकडे घर होतं की तिचं."

"भावाकडं व्हता म्हंजे तिचा नव्हता."

"मग निदान बोलायचं तरी. तोंड होतं ना?"

"कुनाशी बोलनार?" पुतळीबायचा आवाज चढला. "जो तो आपल्या कामात. जेवलीस का इचारतान, आनि उत्तर यायच्या आधी भायेर पडतान. त्या घरात तिला कुनी मानूस समजलाच नाय, वैशे. तू काय सांगतंस मना!"

"अगं, पण ती स्वतःहूनच राहिली होती ना?"

"र्‍हायली! पोर रडत व्हती म्हनून र्‍हायली!"

गॅलरीचं दार उघडलं. भाविका उभी होती, हातात ओला टॉवेल. चेहरा उतरलेला.

"आई, मी काय कमी केलं तुम्हाला?"

वैशालीला आधी कळेच ना. "अगं, तुझं नाही. पुस्तकातलं चाललंय आमचं."

"मावशी, मला ऐकू येतं. घरात माणूस समजत नाही म्हणाल्या त्या. पोर रडते म्हणून राहिल्या म्हणाल्या." तिचे डोळे भरले. "पुस्तकावरून कोण एवढं भांडतं?"

"आम्ही भांडतो. आम्ही नेहमीच भांडायचो. विचार तिला." वैशालीने पुतळीबायकडे बघितलं.

पुतळीबाय वाल सोलत होती. एक सोलला, दुसरा सोलला. वैशालीने तिच्या गुडघ्याला हात लावला तेव्हा कुठे ती म्हणाली, "पुस्तकच हाय गो, भाविका. गंगू म्हनून कोन बाय हाय."

पण तोवर उशीर झाला होता. भाविका आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, मग टीव्हीचा आवाज कुणीतरी मोठा केला.

पिशवीतून पुस्तक काढून दाखवावं असं वैशालीच्या मनात आलं, पण दाखवून काय होणार होतं? पुस्तक खरं होतं आणि पुतळीबाय गप्प राहिली होती, तेही खरंच होतं. दुपारी तिघी जेवल्या. बिरडं चांगलं झालं होतं, तसं वैशाली म्हणालीही. भाविकाने तिला आग्रह करून वाढलं, पण सासूकडे बघितलं नाही.

दुपारच्याच गाडीने निघते म्हटल्यावर पुतळीबाय रस्त्यापर्यंत सोडायला आली. नदीवरच्या पुलाच्या बाजूने गार वारा येत होता.

"तुला त्रास आहे का इथे?" वैशालीने विचारलं.

"त्रास नाय गो. पोरं चांगली हायत. भाविका रातीला माझे पाय दाबून देते, तुला म्हाईत हाय? खोटा कशाला बोलू." तिने गाडी येते का ते वाकून बघितलं. "पन बोलायला कोन नाय."

"मग तिला तसं सांग ना."

"काय सांगू? माज्याशी टीव्हीवरून भांड म्हनून?"

दोघी हसल्या. गाडी दिसली तशी पुतळीबाय घाईने म्हणाली, "आनि ती मोटी जाव? तिचा काय झाला शेवटी?"

"मालिका बंद झाली. सुरभीची आई सांगत होती. सगळे एकत्र आले म्हणे, फोटो काढला."

"खोटा," पुतळीबाय म्हणाली. "ती नाय यायची फोटोला."

वैशालीला यावर पुष्कळ बोलायचं होतं, पण कंडक्टरने बेल मारली होती.

काही दिवसांनी भाविकाचा फोन आला. तिने इकडचं तिकडचं विचारलं आणि मग म्हणाली, "मावशी, त्या पुस्तकाचं नाव काय?"

वैशालीने नाव सांगितलं, लेखिकेचंही सांगितलं. "पाठवू का? वाचनालयात परत द्यायचंय, पण मी मुदत वाढवून घेते. तू वाच, मग आपण बोलू."

"नाही, नाही. मला कुठे वेळ आहे. फक्त नाव हवं होतं." मग हळूच म्हणाली, "म्हणजे खरंच आहे ते पुस्तक."

"आहे."

"बरं," भाविका म्हणाली. तिच्या आवाजावरून तिला हायसं वाटलं की आणखी वाईट वाटलं, ते वैशालीला सांगता आलं नाही.

दिवाळीत पुतळीबाय पेणला येणार होती, ती आली नाही. भाविकाच्या माहेरी, खांब गावाला, सगळे गेले. वैशालीने कादंबरी परत केली आणि दुसरी आणली. ही विनोदी होती, एका गावातल्या बँडवाल्यांची. वाचताना ती खोलीत एकटीच मोठ्याने हसली, आणि हसून झाल्यावर खोली जास्तच शांत वाटली.

कारखाना पुन्हा सुरू झाला त्या आठवड्यात, संध्याकाळी दिवे लागल्यावर, पुतळीबायचा आपणहून फोन आला.

"काय वाचतंस?"

"बँडवाल्यांचं आहे एक," वैशाली कॉटवर सरसावून बसली. "त्यात एक ट्रंपेटवाला आहे, त्याला फक्त एकच गाणं येतं. लग्न असो की मयत, तेच वाजवतो. तर एकदा काय होतं..."

"थांब हां, पोर उठली," पुतळीबाय म्हणाली. "आलेच."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. तो बंद झाला नव्हता. पोरीचं रडणं ऐकू आलं, मग पुतळीबायचं पुटपुटणं, काहीतरी गाण्यासारखं. निकेश घरी आला असावा. कुणीतरी चपला काढल्या, भाविकाने काहीतरी विचारलं, तो हसला. नळ सुरू झाला. ताटं मांडली जात होती.

वैशाली फोन कानाला लावून बसून राहिली. तिने दोनदा "पुतळीबाय" अशी हाक मारली, हळूच, कुणाला त्रास होऊ नये अशी. मग हाक मारणं थांबवलं आणि नुसतीच ऐकत राहिली. तिकडे कुणीतरी मीठ मागितलं. कुणीतरी दिलं.

बऱ्याच वेळाने तिने फोन बंद केला, उठून दोन पोळ्या गरम केल्या आणि जेवता जेवता ट्रंपेटवाल्याचं पुढचं पान उघडलं.