काविळीची माळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, माझ्या बायकोला, सुनंदालाही नाही. आपटा गाव सोडलं त्या दिवशी टेम्पोत भांडी चढत होती आणि आमच्या पोरीच्या, श्रावणीच्या गळ्यात काविळीची माळ होती. दवाखाना जवळ पडावा म्हणून आम्ही पनवेलला निघालो होतो, आणि त्याच दवाखान्याच्या गोळ्या मी आधीच बंद केल्या होत्या.

तिचं शरीर तिच्याच यकृतावर उलटलंय, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. गोळ्या वर्षानुवर्षं चालतील, मनाने थांबवायच्या नाहीत. पण त्या गोळ्यांतल्या स्टेरॉइडने पोरीचा चेहरा सुजला. वर्गातल्या मुली तिला ‘इडली’ म्हणायच्या. ती आरशाकडे पाठ करून वेणी घालून घ्यायची. माझी आई म्हणाली, "कावील ती कावीलच. आमी काय गोल्या खाल्ल्या?" माळ घालणाऱ्या बाबांनी पथ्य सांगितलं, "माल आन् गोली एकत्र चालत नाय."

माळ लांबते तशी कावीळ उतरते, असं आपण मानत आलो. काड्या सुकतात, दोरा सैल होतो, एवढंच असतं ते. सकाळची गोळी द्यायचं काम माझं. सुनंदा तेव्हा कामावर गेलेली असायची. मी गोळी बेसिनमध्ये सोडायचो आणि श्रावणीला म्हणायचो, मम्मीला सांगू नको हं.

चेहऱ्याची सूज उतरली. तिने गावाकडच्या तुम्हा सगळ्यांना फोटो पाठवला, तुम्ही कौतुक केलंत. मग इथल्या फ्लॅटमध्ये तिचे डोळे पुन्हा पिवळे झाले, पोट फुगलं. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या चुकल्या का?"

"एकही नाही," मी म्हणालो. श्रावणीने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

गावात तुम्ही म्हणता, फ्लॅटच्या टाकीचं पाणी बाधलं. सुनंदाने गाव सोडायला लावलं म्हणून झालं. ती ऐकून घेते. मीही तिला ऐकू देतो.

गोळ्या आता नेमाने चालू आहेत. पण पहिलं औषध लागूच पडलं नाही, असं धरून डॉक्टर आणखी कडक औषधाचं बोलतात, यकृत बदलण्याचंही. माझं घर म्हणजे आता आपटा नाही, हा फ्लॅटही नाही. सकाळी श्रावणी उठायच्या आधी खिडकीचा पडदा सारायला माझा हात धजत नाही, उजेडात तिचे डोळे कसे दिसतील म्हणून. तो पडदा आणि तिचे डोळे, यांच्या मधल्या तेवढ्या जागेत मी राहतो.

गुरुवारी तपासणी आहे. सुनंदासमोर डॉक्टरांना खरं सांगणं माझं बाकी आहे. आणि श्रावणीला हे, की तिला गप्प राहायला मी शिकवलं, तिची काही चूक नव्हती.