नॉर्मल रिपोर्टचे पेढे

माझा धाकटा भाऊ सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि लालबागला आईकडे राहायला आला. चाळ पाडून बांधलेल्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर आमचं घर आहे. शेजारी बहुतेक चाळीतलेच. त्यांनी त्याला खाली गेटवरच हार घातला. त्याच्या अंगावर एकही जखम नाही, हे आई येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती.

जखम नव्हती हे खरं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत डोंगरातल्या एका रस्त्यावर त्याच्या गाडीजवळ स्फोट झाला होता. त्याचं डोकं गाडीच्या पत्र्यावर आपटलं, काही क्षण शुद्ध हरपली, कान पुढे बरेच दिवस वाजत राहिले. रक्त आलं नाही. थोड्या विश्रांतीनंतर तो पुन्हा कामावर रुजू झाला. हे त्याने मला एकदाच सांगितलं, दुसऱ्या कुणाची बातमी सांगावी तसं.

मी वर्तमानपत्रात काम केलं आहे. काय घडलं ते घडलं त्या क्रमाने लिहायची सवय आहे. त्याच्या बाबतीत तो क्रम लावणं अवघड होतं, कारण एकाही दिवशी वेगळं असं काही घडलं नाही. ट्यूबलाइटचा उजेड डोळ्यांना खुपतो म्हणून तो दुपारी पडदे ओढून बसू लागला. बोलताना साधा शब्द आठवला नाही, की चिडायचा. गॅसवर दूध ठेवून विसरायचा. मग चिडणंही थांबलं. दाढी करायची राहू लागली. बायको मुलीला घेऊन चार दिवसांसाठी म्हणून कणकवलीला माहेरी गेली, ती तिथेच राहिली. तो भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. आई म्हणायची, इतकी वर्षं झोप मिळाली नाही, झोपू दे त्याला.

परळच्या एका रुग्णालयात मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला तो बऱ्याच मनधरणीनंतर तयार झाला. डोक्याचं स्कॅनिंग झालं. रिपोर्ट घ्यायला आम्ही तिघं गेलो. आई बाहेर बाकावर बसली आणि मी त्याच्याबरोबर आत गेले.

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून पाहिली. रक्तस्राव नाही, गाठ नाही, रिपोर्ट नॉर्मल आहे, असं त्या म्हणाल्या. मग फिल्म खाली ठेवून त्याला म्हणाल्या, "पण तुम्हाला होतंय ते खोटं नाही. असा मार या तपासणीत दिसतोच असं नाही. डोक्याला मार लागलेल्यांना पुढे नैराश्य येऊ शकतं. कधी कधी बऱ्याच काळानंतरही. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत." मग त्यांनी सरळ विचारलं, "जगणं नकोसं वाटतं का?"

तो म्हणाला, "कधी कधी."

डॉक्टर त्याच्याशी आणखी बराच वेळ बोलल्या. गुरुवारी मानसोपचारतज्ज्ञांकडे यायला सांगितलं. तोवर एकटं ठेवू नका, आणि काही वाटलं तर गुरुवारची वाट पाहू नका, लगेच घेऊन या, असं मला बजावलं. तो येतो म्हणाला. बाहेर पडताना दाराशी थांबून मला म्हणाला, "ताई, ते 'कधी कधी' आईला नको सांगू. बाकी काय सांगायचं ते सांग."

आईला मी सांगितलं, "रिपोर्ट नॉर्मल आहे, पण अजून एका डॉक्टरांकडे जायचंय." पहिल्या तीन शब्दांनंतर आईने हात जोडून डोळे मिटले होते.

संध्याकाळी मी औषधं घेऊन परत आले, तेव्हा दाराशी चपलाच चपला होत्या. आईने पेढे आणले होते आणि मजल्यामजल्यावर फिरून वाटलेही होते. बाराव्या मजल्यावरचे काका, आमच्या वडिलांचे गिरणीतले सोबती, सोफ्यावर भावाशेजारी बसले होते.

"डोक्यात काय निघालं नाय म्हणे!" काका म्हणाले. "आम्ही चाळीत असल्यापासून तेच सांगत होतो, पण ऐकतंय कोण!"

सगळे हसले. भाऊही हसला. त्याच्या हातात पेढा होता आणि तो त्याने बोटांनी चेपून सपाट केला होता.

मी आईला स्वयंपाकघरात गाठून आमच्या मालवणीत विचारलं, पेढे का वाटलेस. "आये, कित्याक वाटलंस गे?"

"कित्याक म्हणजे? गावाकय फोन केलंय. देवळात देवाक गाऱ्हाणा घातलेलंय, देव पावलो बघ."

आईला पटेल असं सांगायचं तर तो दाराशी जे म्हणाला होता ते मोडावं लागत होतं. वर्तमानपत्रात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर खुलासा छापतात. दारोदार फिरून पेढ्यांचा खुलासा कसा करायचा, हे मला माहीत नव्हतं.

माणसं गेल्यावर तो म्हणाला, "आता कुणाला काय सांगू? डोकं दुखतंय म्हणू? नॉर्मल आहे ना."

"डॉक्टर काय म्हणाल्या, ऐकलंस ना तू?"

"तू आणि मी ऐकलं. बिल्डिंगने पेढे खाल्ले."

गुरुवारपर्यंत मी आईकडेच राहिले. तो जेवायचा, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचा. गुरुवारी सकाळी तो माझ्या आधी उठला. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, बूट पुसले. किती दिवसांनी त्याला असं पाहत होते. मी फाइल घेतली आणि आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. आईला सांगितलं होतं, जरा फिरून येतो.

बाराव्या मजल्यावर लिफ्ट थांबली आणि काका आत आले.

"काय रे फौजी, एकदम टापटीप! कुठे स्वारी?" त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या फाइलवर गेलं. "आता कसलं हॉस्पिटल? झालं ना सगळं क्लिअर?"

मी तोंड उघडण्याआधी तो म्हणाला, "नाही काका. ताई चालली घरी, तिला सोडायला खाली आलोय."

"हां, मग ठीक. पोरगा बरा झाला, आता आईला आराम मिळू दे," काका म्हणाले.

खाली आल्यावर मी त्याचा दंड धरला. "चल ना रे. टॅक्सीने लगेच पोचू."

तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, काका बघतायत."

काका वॉचमनच्या खुर्चीजवळ त्याच्याशी बोलत उभे होते. त्यांनी आम्हाला पाहून हात हलवला. भाऊ माझ्याबरोबर गेटपर्यंत आला. निरोप देताना करतो तसा त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सांभाळून जा," म्हणाला आणि वळला.

मी त्याच्यामागे लिफ्टपर्यंत धावले. दार बंद झालं होतं. काका म्हणाले, "काय विसरलीस गो?"

मी म्हटलं, "काही नाही." हातात फाइल होती. लिफ्टवरचे आकडे चौदापर्यंत गेले आणि तिथे थांबले. वर आई घरात होती, एवढंच मनाशी म्हणत मी बटण दाबून उभी राहिले.