कुंडीतला गेंड्या भुंगा

मंडळी, तातडीने विचारतेय.

दुपारी इथे दोहातल्या घरी मोगऱ्याची कुंडी उकरली. मागच्या सुट्टीत वसईहून बॅगेतून आणलेलं शेणखत तिच्यात घातलं होतं. आतून निघाला शिंगवाला काळा भुंगा! आमच्या वाडीतले माड पोखरणारा, तोच गेंड्या भुंगा.

त्याच्यावर डबा पालथा घातला आणि घरात जाऊन वसईला माझ्या पप्पांना फोन लावला. ते ओरडलेच, "माड असो की खजूर, शेंडाच खातो तो. मार आधी!"

बाहेर आले, तर डबा उचललेला. लेक खुशीत म्हणाली, "मम्मा, आय लेट हिम गो." आणि बोट दाखवलं घरमालकाच्या खजुराच्या झाडांकडे.

दोहात हा भुंगा आधी कुणी पाहिलाय का? प्लीज, कुणीतरी 'हो' म्हणा.