चावीतला दाणा

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, लायसन्स त्या डिसेंबरच्या अखेरीस संपत होतं. ते पुन्हा काढायचं नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी आणि मी मिळून ठरवलं होतं. काचबिंदूमुळे त्यांची दोन्ही बाजूंची नजर कमी होत चालली होती. समोरचं दिसायचं, कडेचं जायचं. अण्णांनी वाद घातला नाही. एकच मागणी केली. तीस वर्षं ज्या रस्त्याने त्यांनी मालवणचे मासे कोल्हापूरच्या बाजारात आणले, तो रस्ता एकदा, दिवसाउजेडी, स्वतः चालवायचा. मालवणपासून घाटाच्या पायथ्याच्या फोंड्यापर्यंत ते, आणि घाट मी, असा आमचा तह झाला.

ही दोन हजार सात सालची गोष्ट. मी नुकतीच एक डिझेल गाडी सेकंडहँड घेतली होती. जाताना मुद्दाम गगनबावड्याने उतरलो. फोंड्याचा घाट अण्णांनी परतीसाठी राखून ठेवला होता. "तो भरलेल्या गाडयेचो रस्तो," ते म्हणाले. आमचं घर कोल्हापुरात असलं तरी अण्णांची बोली कधी घाट चढली नाही. तळेऱ्याला महामार्ग लागला, चहा झाला, आणि तिथून पुढे प्रत्येक वळणावर त्यांना एकेक आठवण येत गेली. इथे टायर फुटलेला, इथे बर्फ वितळलेलं, इथे एका लग्नाच्या वऱ्हाडाला सुरमईच्या पाट्यांवर बसवून नेलेलं. या गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि दर वेळी सुरमईची संख्या वाढलेली असते.

मालवणात आमचा मुक्काम दांडीच्या किनाऱ्याला जयवंतीबाईंकडे होता. एकेकाळी त्या बंदरावर मासळी विकत घेऊन अण्णांच्या ट्रकमध्ये पाट्या चढवायच्या. आता सत्तरीला आल्या होत्या, पण आवाज बंदरावरचाच.

"अण्णानू, ट्रक खंय ठेवलात?"

"ट्रक म्हातारो झालो. आता ही झिलाची डबी," अण्णांनी माझ्या गाडीकडे बोट दाखवलं.

त्या ट्रकची चावी म्हणजे पत्र्याची एक चपटी पट्टी. बंदरावर ती बर्फवाल्याच्या खिळ्याला टांगलेली असायची. कुणाला गाडी बाजूला घ्यायची असली तर त्याने घ्यावी, चावी परत खिळ्याला लावावी. अण्णांना कधी चावी खिशात ठेवायची सवयच लागली नाही. माझ्या चावीला बटणं पाहून त्यांना गंमत वाटली होती. दार लांबूनच उघडायचं, बंद करायचं, पुन्हा उघडायचं, हा खेळ त्यांनी बराच वेळ केला. शेवटी ती त्यांच्याच सदऱ्याच्या खिशात राहिली.

संध्याकाळी किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं लांबच लांब जाळं) लागली होती. तिथला रिवाज असा की जो दोराला हात लावेल त्याला मासळीतला वाटो (वाटा) मिळतो. मग तो गावचा असो की पाहुणा. अण्णा धोतर खोचून सरळ दोराला लागले. मीही लागलो. तळहात सोलवटून निघाले, पण इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. जाळं जवळ आलं, अण्णा वाकले, आणि एक लाट त्यांच्या छातीवर फुटली. चावी पाण्यात पडली हे जयवंतीबाईंनी पाहिलं. लाट मागे सरताच त्यांनी ओल्या वाळूतून ती उचलली आणि वर धरून दाखवली. आम्ही हुश्श केलं. वाट्याला पाच बांगडे आले आणि त्यांचा तिखला उकड्या भाताबरोबर खाऊन मी निर्धास्त झोपलो.

सकाळी चावी तुळशीपाशी उन्हात वाळत ठेवलेली दिसली. लख्ख धुतलेली. जयवंतीबाईंनी कोयतीच्या टोकाने ती उघडून आतला प्रत्येक भाग गोड्या पाण्यात धुतला होता आणि परत नीट जोडली होती.

"खारा पाणी भितूर गेला की मीठ धरता," त्यांनी मला समजावलं. "होडयेवरची बॅटरी आमी अशीच धुतो."

बटण दाबलं, दारं उघडली. मी त्यांना मनापासून धन्यवाद दिले. पण इंजिन काही सुरू होईना. घर्र घर्र करायचं आणि गप्प. समोर चावीच्या आकाराचा एक लाल दिवा लुकलुकत होता. मी पुन्हा पुन्हा चावी फिरवली. शेवटी घर्रघर्रही थकली. ढकलून पाहू, असं अण्णा म्हणाले. आम्ही ढकलली आणि गाडी वाळूपाशी जाऊन उभी राहिली.

शेजाऱ्यांच्या ओळखीने कणकवलीहून गुरू नावाचा चावीवाला मोटारसायकलवरून आला. मस्कतला आठ वर्षं हेच काम करून तो गावी परतला होता. त्याने चावी उघडली, उलटी धरली आणि विचारलं, "हेच्यातलो दाणो खंय आसा?"

"कसलो दाणो?" जयवंतीबाई पुढे आल्या.

"काळो. चिंचोक्यापेक्षा बारीक."

"तो? तो खडो म्हणान मी उडयलंय."

मग माझ्याकडे वळून गुरू एकदम ऑफिसातल्या मराठीत बोलायला लागला. "साहेब, बटणं फक्त दारांची. इंजिनाचा संबंध त्या दाण्याशी. चावी फिरवली की गाडी दाण्याला त्याचा नंबर विचारते. उत्तर नाही आलं तर डिझेल सोडत नाही." वर तो म्हणाला, "त्याला बॅटरी लागत नाही, पाण्याने काही होत नाही. महिनाभर समुद्रात असता तरी चालला असता."

माझं डोकं फिरलं. "कोणी सांगितलं होतं उघडायला?" मी जयवंतीबाईंवर ओरडलो. त्या आत गेल्या, सूप घेऊन आल्या आणि तुळशीजवळची माती सुपात घेऊन पाखडायला बसल्या. तांदळातले खडे शोधावेत तशा त्या मातीत तो दाणा शोधत होत्या. आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

गाडी जुन्या मालकाकडून एकाच चावीनिशी आली होती. गुरूपाशी कोरे दाणे होते, पण गाडीला नवा दाणा ओळखायला लावायचा तर तिचा गुप्त नंबर हवा. "तो नसला तर गाडी ट्रकवर घालून कोल्हापूरला न्या," तो म्हणाला.

अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "तीस वर्षां मी ट्रकार माशे घातले. आता तू माका घालतलंस?"

ते हसत होते, पण डोळ्यांत पाणी होतं. दोन दिवसांनी मला कामावर हजर व्हायचं होतं. महिना संपायला आठवडा उरला होता. हा रस्ता आज झाला नसता तर कधीच झाला नसता.

मी घरी फोन लावला. सुधाने, माझ्या बायकोने, कपाट उपसलं. गाडीच्या कागदांत, विम्याच्या पावतीमागे, एक छोटं कार्ड चिकटलेलं निघालं. तिने एकेक आकडा वाचला, मी मोठ्याने म्हटला, गुरूने त्याच्या यंत्रात टिपला. बॅटरी मी सकाळीच संपवून ठेवली होती, म्हणून मासळीचा एक टेंपो शेजारी लावून त्याच्या बॅटरीची वायर जोडली. गुरूने जुन्या चावीत नवा दाणा बसवला, स्टिअरिंगखाली यंत्राची वायर खोचली आणि अण्णांना म्हणाला, "तुमी बसा हंय. धा मिनटां कशाक हात लावू नकात. दारही उघडू नकात."

अण्णा बसले. लाल दिवा लुकलुकत राहिला. बाहेर आम्ही सगळे त्या दिव्याकडे बघत उभे होतो. फक्त सुपाचा आवाज येत होता. दहा मिनिटं इतकी मोठी असतात हे मला ठाऊक नव्हतं. मग दिवा विझला. गुरूने मान हलवली, अण्णांनी चावी फिरवली आणि इंजिन लागलं.

जयवंतीबाईंनी सूप खाली ठेवलं. "आता कोणाचीच चावी धुवचंय नाय," एवढंच म्हणाल्या आणि तळलेले बांगडे केळीच्या पानात बांधून आणायला आत गेल्या. मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी माझ्या पाठीवर एक धपाटा घातला, तेव्हा कुठे मला बरं वाटलं.

दुपारी निघालो. मालवण, कसाल, कणकवली. अण्णा सुरेख चालवत होते. गिअर बदलताना आवाज नाही, वळणावर घाई नाही. गुणगुणतही होते. माझ्या लहानपणी ते पहाटे मासळीच्या वासासकट घरी यायचे तेव्हा असंच काहीतरी गुणगुणत हात धुवायचे. तो माणूस माझ्या शेजारी पुन्हा बसला होता आणि मला फार आनंद झाला होता.

फोंड्याच्या अलीकडे डाव्या पायवाटेवरून शाळेच्या गणवेशातली एक मुलगी सायकलवरून रस्त्यावर आली. अण्णांचा पाय ब्रेककडे गेला नाही. "अण्णा, डावीकडे!" मी म्हणालो. गाडी करकचून थांबली. मुलगी आमच्याकडे बघत निघून गेली. काहीच झालं नव्हतं.

फर्लांगभर पुढे गेल्यावर अण्णांनी इंडिकेटर दिला, गाडी झाडाखाली घेतली आणि इंजिन बंद केलं.

"चेडू माका दिसाक नाय," ते म्हणाले. "तू सांगलंस म्हणान." चावी काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. फोंडा अजून थोडा पुढे होता. मी म्हणालो, तेवढं तरी चालवा. त्यांनी मान हलवली आणि उतरून पलीकडे येऊन बसले.

मी बाजारपेठ ओलांडून घाटाला लागलो. अण्णांना काय वाटत असेल या विचाराने मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. चार-पाच वळणं चढून गेल्यावर त्यांनी काच खाली केली.

"वायच सावकाश ने," ते म्हणाले. "तीस वर्षां ह्या घाटातसून गेलंय. माशे घेवन जाताना काळोख, परत येताना नजर रस्त्यार. ही दरी बघूक कधी गावलीच नाय."

खाली सगळं कोकण उन्हात पडलं होतं. मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घेतली.

त्यानंतर अण्णा सहा वर्षं होते. गाडी चालवली नाही, तो विषयही काढला नाही. पण आम्ही कोकणात निघालो की सगळ्यांच्या आधी जाऊन खिडकीशी बसायचे आणि घाट आला की मला सावकाश न्यायला सांगायचे.