बोअर आटला, असं मी सांगितलं

लातूरला आमच्या कॉलनीत होळी झाली की बायका एकमेकींना बोअरची धार किती आहे ते विचारतात. अंगठ्याएवढी असली तर गप्पा होतात. करंगळीएवढी झाली की बोलणंच कमी होतं.

त्या वर्षी शेजारच्या मावशींचा बोअर होळीच्या आधीच गेला. मावशी एकट्या राहायच्या. मुलगा नांदेडला नोकरीला. मी शाळेत शिकवायला जायचे तेव्हा मुलगी लहान असताना तिला त्यांनी चार वर्षं सांभाळलं होतं. त्यामुळे आमच्या बोअरची नळी भिंतीवरून त्यांच्या हौदात सोडताना मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी स्वतःला तशीच बाई समजत होते.

पाडव्याच्या आधी दरवर्षी मी वर्गातल्या मुलांकडून 'माझ्यातला एक दोष' लिहून घेते. त्या वर्षी मुलांनी मलाही लिहायला लावलं. 'मला लवकर राग येतो,' असं मी फळ्यावर लिहिलं. मुलं हसली.

चैत्र सरत आला आणि आमचा बोअर खोकायला लागला. थोडं पाणी, मग नुसती हवा, मग गढूळ पाणी. नवरा म्हणाला, "आता आपल्यालाच पुरतंय का ते बघ." एवढंच. खोटं बोलायला त्यानं सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी भिंतीपाशी आल्या. "पोरी, आज नळी सोडली न्हाईस?"

"बोअर आटला, मावशी."

"आगं देवा! मग तुमचं कसं व्हायचं? माझ्याकडं दोन घागरी हायत. एक घिऊन जा."

मी नको म्हणाले.

त्यानंतर मी दुपारी, मावशींच्या झोपायच्या वेळेला, मोटार लावू लागले. आवाज दबावा म्हणून मिक्सर फिरवायचे. मुलगी तेव्हा नुकतीच दहावीत गेली होती. तिनं एकदा विचारलं, "आई, रिकामा मिक्सर कशाला फिरवतेस?" मी तिच्यावर अशी खेकसले की तिनं पुन्हा विचारलं नाही.

एका दुपारी टाकी भरली का ते बघायला मी गच्चीवर गेले होते. खाली कोपऱ्यावर टँकरभोवती एकदम गलका झाला. बायका बाजूला सरल्या आणि मला मावशी दिसल्या. भर उन्हात रांगेत चक्कर येऊन पडल्या होत्या. मी जिना उतरून धावले, पण आधी मोटार बंद केली. मग बाहेर गेले.

मावशींचा खुबा मोडला. मुलानं त्यांना नांदेडला नेलं. महिनाभरानं मी भेटायला गेले, तर पलंगावरून त्यांनीच माझा हात धरला.

"मोटारीचा आवाज यायचा मला," त्या म्हणाल्या. "मधी भिंतच तर हाय."

मी हात सोडवू पाहिला, त्यांनी सोडला नाही.

"लेकरू भ्यालंय, म्हणलं. भ्यालेल्या माणसाला काय बोलावं? पण पोरी, तू लई सहज बोललीस त्या दिवशी. त्याचंच मला भ्या वाटलं."

त्या लातूरला परत आल्या नाहीत. पावसाळा संपता संपता गेल्या. आमचा बोअर त्या वर्षी आटलाच नाही, शेवटपर्यंत थोडं थोडं पाणी देत राहिला.

तेव्हापासून ऊन तापायला लागलं की मी स्वतःवर नजर ठेवते. हिवाळ्यात, पावसाळ्यात मला माझी भीती वाटत नाही.

मावशींच्या घरात आता धर्माबादचं एक जोडपं भाड्यानं राहतं. यंदा फाल्गुनातच त्या मुलीनं मला विचारलं, "ताई, उन्हाळ्यात तुमच्याकडं पाणी ऱ्हातं का?"

मी हो म्हणाले. आणि तिथल्या तिथे आत जाऊन अंगणातल्या मोटारीच्या पेटीची दुसरी किल्ली आणून तिच्या हातात ठेवली. संध्याकाळपर्यंत मी काय म्हणेन, याची मला खात्री नव्हती.