डबा वाचणारा सेक्रेटरी

कोपरच्या चंद्रकिरण सोसायटीत गेल्या वर्षी एक कुजबुज जिना चढत चौथ्या मजल्यापर्यंत पोचली होती. सेक्रेटरी महेंद्र ओव्हाळला म्हणे सगळं दिसतं. आंधळेपणा हे नुसतं नाटक.

पुरावाही भक्कम होता. वार्षिक सभा खाली पार्किंगमध्ये संध्याकाळी सात वाजता चालू असताना वीज गेली. काळोख गुडुप. सगळे गप्प होऊन खिशातले फोन चाचपू लागले. दर वाक्याला मध्ये तोंड घालणारे अध्यक्ष गुरुदत्त परुळेकरसुद्धा गप्प झाले, आणि ही घटना वीज जाण्यापेक्षा दुर्मीळ. एकटा महेंद्र मात्र मागच्या सभेचा वृत्तांत वाचतच राहिला, एक शब्द न अडखळता.

"खरा आंधळा असता तर काळोखात थांबला नसता का?" तिसऱ्या मजल्यावरच्या गोपीनाथ कारखानीसांनी दुसऱ्या दिवशी विचारलं. आणि पदव्या घेतलेल्या, कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या माणसांनी माना डोलावल्या.

महेंद्र बेचाळीस वर्षांचा. घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी निस्तरायची नोकरी. तिथे त्याचा कॉम्प्युटर पडद्यावरचं सगळं कानात वाचून दाखवतो, तेही इतक्या वेगात की शेजारच्याला वाटावं हेडफोनमध्ये डास अडकलाय. कॉम्प्युटरचं आणि त्याचं उत्तम जमतं. पण कंपनीत तो कायम 'कोट्यातला ओव्हाळ'. चंद्रकिरणमध्ये मात्र छप्पन फ्लॅटच्या प्रत्येक नोटिशीखाली त्याची सही. ही एक गोष्ट त्याला जिवात जीव असेपर्यंत सोडायची नव्हती.

सभेला तो कॉम्प्युटर आणत नसे. आणायचा तो ब्रेल नोटटेकर. आठ-नऊ वर्षं जुना, दुसऱ्याने वापरलेला, जेवणाच्या डब्याएवढा, म्हणून सोसायटीत त्याचं नाव 'डबा'. वर टाइप करायच्या मोजक्या कळा, खाली ब्रेलचे ठिपके वर येणारी, बोटं फिरवायची पट्टी, आणि पडदा नावाची वस्तूच नाही. नवीन फाइल दिली की डबा रुसतो, बिघडला तर दुरुस्त करणारा मिळत नाही. पण तो बोलत नाही. महेंद्रची बोटं वाचत असतात आणि दोन्ही कान सभेला मोकळे राहतात. चंद्रकिरणच्या सभेत कान मोकळे असणं किती धोक्याचं, हे परुळेकरांना ठाऊक होतं. ते "असं मी कधीच म्हणालो नाही" म्हणाले की तीन सेकंदांत महेंद्र त्यांचं वाक्य तारखेसकट वाचून दाखवायचा.

यंदा निवडणूक होती. परुळेकरांच्या मनात सेक्रेटरी म्हणून आपला मेहुणा यज्ञेश याला बसवायचं होतं. पण उघड काढलं तर वाईट दिसेल, म्हणून त्यांनी उपकाराची वाट धरली: डबा सुटला की महेंद्रचे कानही अडकणार. सभेच्या आदल्या रविवारी शाल, नारळ, फोटोग्राफर आणि नवाकोरा लॅपटॉप घेऊन ते ओव्हाळांच्या दारात.

"महेंद्रराव, किती दिवस त्या डब्यात जेवणार? जमाना कुठे गेला! या वर्षी वृत्तांत यावरूनच वाचायचा. आमचा आग्रह आहे."

महेंद्रची बायको माया चहा देता देता पुटपुटली, "शाल कशाला आणली? उन्हाळ्यात?"

महेंद्रला नाही म्हणवेना. त्याने डब्यातली फाइल लॅपटॉपवर घेतली, जशीच्या तशी. घात तिथेच झाला. कारण वृत्तांताच्या ओळींमध्ये तो स्वतःपुरते शेरे मारायचा. डब्याला पडदा नाही आणि इमारतीत ब्रेल दुसऱ्या कोणाला येत नाही, मग भीती कोणाची? वाचताना बोटं शेऱ्यांवरून अलगद उडी मारत.

सभेत त्याने एका कानात हेडफोन घातला. आधी लॅपटॉप सांगणार, मग हा बोलणार. उरलेल्या एका कानात छप्पन फ्लॅट. वृत्तांत बैलगाडीसारखा चालला होता. तेवढ्यात परुळेकर फोटोसाठी पुढे सरकले आणि त्यांचा पाय हेडफोनच्या वायरीत अडकला. वायर निघाली. आणि लॅपटॉप मोठ्याने, एकट्यानेच वाचू लागला.

"अध्यक्षांचं भाषण, चाळीस मिनिटं. मुद्दा आढळला नाही. कारखानीस. विषय पाण्याचा, बोलले मूळव्याधीवर."

महेंद्रने घाईघाईत आवाज थांबवायची कोपऱ्यातली कळ दाबली. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ती कोपऱ्यात असते. या मेल्या लॅपटॉपवर कोपऱ्यात भलतीच कळ होती.

"यज्ञेश. सुरुवातीपासून झोप."

यज्ञेश ताडकन उठला. "मी झोपलेलो हे याला कसं दिसलं?"

"बघा!" परुळेकरांनी टाळीच वाजवली. "मी काय सांगत होतो? दिसतं याला! फसवतोय आपल्याला! यंदा सेक्रेटरी यज्ञेशलाच करा!"

पहिल्या माळ्यावरच्या चंद्रभागामावशी, आयुष्यभर मासळी विकून आवाज कमावलेल्या, गॅलरीतूनच ओरडल्या, "आरं, तुझा मेवना घोरतो त्ये रस्त्याव ऐकाला येतं! दिसाला कशाला पायजे?"

सभा हसून हसून वाकडी झाली. कारखानीस हसले नाहीत, बसायची गादी सावरून बसले.

तोवर महेंद्रला कळ सापडली होती. लॅपटॉप मिटून त्याने पिशवीतून डबा काढला. "शेरे माझेच. खोटा असेल तो सांगा, खोडतो."

परुळेकर पायातली वायर सोडवू लागले.

"मग यज्ञेशभाऊ, उद्यापासून तुम्ही बघा. लिफ्टवाल्याला रोज फोन, टाकीवाल्याच्या मागे लागणं, महापालिकेत खेपा, आणि रविवारी सकाळी सगळ्यांच्या गळतीच्या तक्रारी."

यज्ञेशने दाजींकडे पाहिलं. "रविवारी पण?" म्हणाला आणि बसला.

परुळेकर म्हणाले, हात वर करून मतं घ्या. पण महेंद्र सेक्रेटरी झाल्यापासून इथला रिवाज वेगळा. फ्लॅट नंबर सांगायचा आणि मत तोंडाने बोलायचं, म्हणजे त्याला मोजता येतं. हात कोणीही अर्धवट वर करून वेळ मारून नेतो. आवाजाला ती सोय नाही. हजर असलेल्या एकेचाळीस जणांपैकी अडतीस महेंद्रच्या बाजूने बोलले. प्रेमाने म्हणाल तर पाच-सहा. बाकीच्यांना रविवार प्यारा होता.

लॅपटॉप महेंद्रने ठेवून घेतला. डब्याला न उघडणारे सरकारी फॉर्म त्यावर झकास भरले जातात. शाल मायाने इस्त्रीखाली अंथरली. कुजबुज मात्र अजून चालूच आहे, कारखानीसांनी ती जिवापाड जपलीय.

गेल्या वर्षी त्या संध्याकाळी वीज गेल्याचं महेंद्रला कोणी सांगितलं नव्हतं. डबा बॅटरीवर चालत होता आणि तो बोटांनी वाचत होता. सगळे अचानक गप्प झाले, ते वृत्तांत ऐकायला, असं त्याला वाटलं.